पहिल्या टिंबापुढचे नातेवाईक

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, दुपार

ती. दशरथदादा यांना धाकट्या बहिणीचा, म्हणजे शर्मिलाचा, सप्रेम जय भीम.

तुमचे गुडघे, तुमचा रक्तदाब आणि तुमचं ते पिवळं मांजर, तिघांचीही प्रकृती ठीक आहे असं धरून चालते. (मांजराची असणारच. तुमच्या घरात औषधं वेळेवर फक्त त्यालाच मिळतात.) आम्ही इकडे बरे आहोत. आमचे हे रोज सकाळी फिरायला जातो म्हणून निघतात, कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात आणि दमून परत येतात. पूर्णिमाची नोकरी अजून वाघोलीलाच आहे. तिथे पोचेपर्यंत तिचा निम्मा जीव गेलेला असतो, आणि उरलेल्या निम्म्यात आईशी नीट बोलण्याची तरतूद नसते. डिसेंबरात इथे भरणाऱ्या आपल्या घराण्याच्या मेळाव्याला तुम्ही येणार नाही, हे तुमचं कार्ड पोचलं. त्याविषयी मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. माणसाला यायचं नसेल तर त्याने येऊ नये. हे पत्र एका अपघाताविषयी आहे, आणि तो फोनवर सांगत नाही याचं कारण, फोनवर तुम्ही गोष्ट रंगात आली की "बरं, ठेवू का?" म्हणता.

तुम्ही घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करून पेनड्राइव्हवर पाठवलेत, त्याबद्दल तुमचे आभार मानून झालेले आहेत. दुकानदाराने प्रत्येक फोटोच्या फाईलला नुसता नंबर दिला होता. आपले आजोबा म्हणजे 'आयएमजी शून्य शून्य चौदा'. मला ते सहन होईना. म्हणून गेला सगळा उन्हाळा तुम्ही दुपारी फोनवर कोण कोण ते सांगत होता आणि मी एकेक फाईल उघडून तिला नाव देत होते. नावं रीतसर दिली. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टाने माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं की माणसाच्या नावाआधी मान हवा आणि मान थोडक्यात लिहिला तर त्यापुढे टिंब हवं. तेव्हा हयात मंडळींना 'आयु.', गेलेल्यांना 'दिवं.', पोराटोरांना 'चि.' आणि वडीलधारे म्हणून तुम्हाला 'ती.'. मानाशिवाय आपल्या घरात आजवर कुणाला हाक गेली नाही, ती माझ्या हातून तरी जाणार नव्हती.

इथवर सगळं सभ्य होतं. पण दादा, दुपारची वेळ, एकटं घर आणि समोर सगळे नातेवाईक ओळीने. मी नावापुढे आणखी एक टिंब देऊन प्रत्येकाला एकेक शेरा लिहिला. केवळ माझ्या माहितीसाठी. उदाहरणार्थ, 'दिवं. हौसाआत्या. कुणाच्याही लग्नात हसली नाही.' किंवा 'आयु. जयसिंगभाऊ. आमची छत्री अजून यांच्याकडे.' असे काही शे शेरे झाले. एकही खोटा नव्हता, हे मी आजही कुणासमोरही सांगेन.

मग मागच्या आठवड्यात पूर्णिमा म्हणाली की मेळाव्यात हे फोटो हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर एकामागून एक येतील आणि प्रत्येकाखाली त्याच्या फाईलचं नाव आपोआप दिसेल. मला ठसका लागला. हौसाआत्याच्या तिन्ही मुली पहिल्या रांगेत बसणार, हे मी डोळ्यांसमोर पाहिलं. मी म्हटलं, नावं थोडी आखूड करायची असली तर? त्यावर आमची कन्या लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "अगं आई, एकेक कशाला बदलतेस? एका ओळीचं काम आहे. मला दे, तुला नाही जमणार."

तिला देणं शक्य नव्हतं. तिच्या सासरच्यांचेही फोटो त्यात आहेत, आणि त्यांचे शेरे जरा सविस्तर आहेत. शिवाय, नाही जमणार? सगळी नोकरी मी तारखात्यात टेलिप्रिंटरवर काढली. मुलीने मला यंत्र शिकवावं?

तिच्या जुन्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी आहे. तिला टर्मिनल म्हणतात. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती एक लुकलुकणारी रेघ. आपण हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं. असे चार हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले की त्याला स्क्रिप्ट म्हणायचं. दादा, मला ती खिडकी पहिल्या भेटीतच आवडली. तिचा स्वभाव अस्सल पुणेरी आहे. काम नीट झालं तर ती एक शब्द बोलत नाही. चुकलं तर एका ओळीत तुमची अक्कल काढते आणि पुन्हा गप्प. "कृपया", "धन्यवाद", "आपला अनुभव कसा होता" असला चिकट प्रकार नाही. सदाशिव पेठेतल्या एखाद्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटलं. (आमचे हे याला पुण्यात तीस वर्षं राहून झालेला परिणाम म्हणतात. म्हणोत.)

आरंभी एक छोटा पेच झाला. मी तिला म्हटलं, बदलू नकोस, ओळीने एकेक फाईल नुसती दाखव. तर ती म्हणाली, 'दिवं.' नावाची फाईल नाही. 'हौसाआत्या.' नावाची फाईल नाही. आत्या नाही हे मला ठाऊक आहे, तिच्या अंत्ययात्रेला मी होते! मग इंटरनेटवर वाचून समजलं की नावात मोकळी जागा असली की हिला ती वेगवेगळी माणसं वाटतात. दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं घालून त्यांना एकत्र धरून ठेवावं लागतं. हे आपल्या घराण्याबाबत खरंच आहे, म्हणून मी वाद घातला नाही. चिन्हं घातली.

मग खरा हुकूम. मी विचार केला की शेरा टिंबापुढे आहे. तेव्हा प्रत्येक फाईलचं नाव पहिल्या टिंबापर्यंत ठेव आणि पुढचं टाकून दे. स्वच्छ तर्क. लिहिलं, वाचलं, एंटर दाबलं. खिडकी गप्प राहिली. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. ह्यांना हाक मारली, चहा ठेवायला सांगितला (त्यांनी ठेवला, म्हणजे माझा चेहरा कसा असेल बघा) आणि फोल्डर उघडलं.

आत पाच फाईली होत्या.

तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिलं टिंब शेऱ्याआधी नव्हतंच. ते मानापुढे होतं. सिस्टर बेनेडिक्टाचं टिंब! 'दिवं. हौसाआत्या'चं झालं 'दिवं', 'दिवं. रंगनाथकाका'चंही 'दिवं', आणि आपल्या आईच्या म्हातारपणीच्या फोटोचंही 'दिवं'. एका नावाच्या दोन फाईली राहू शकत नाहीत, म्हणून प्रत्येक नवा आधीच्याला पुसून त्याच्या जागी बसला. आणि त्या शहाण्या खिडकीने एकदा, एकदाही विचारलं नाही की बाई, तुमचे सगळे पूर्वज एका खुर्चीवर बसवू का? विचारून कर असं आधी सांगून ठेवलं तरच ती विचारते. हेही अगदी पुणेरी.

अक्षरांच्या क्रमाने जो शेवटी येतो तो टिकतो. तेव्हा गेलेल्या सर्व मंडळींतून एकटी उरली हौसाआत्या. जिवंतपणी सगळ्यांना पुरून उरली, आता मेलेल्यांनाही पुरून उरली. हयात मंडळींतून उरले सीताराम, म्हणजे आमचे हे. एका लग्नात खुर्चीवर तोंड उघडं टाकून झोपलेले. ह्यांनी चहा माझ्या हातात दिला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे आता एवढ्या मोठ्या गोतावळ्यात मी आणि हौसाआत्याच?" वर म्हणाले, "मेळाव्याला लहान हॉल चालेल." त्या चहात साखरही नव्हती. चिल्ल्यापिल्ल्यांतून एक टिकलं, कुणाचं ते मलाही सांगता येईना. भोकाड पसरल्यावर सगळी सारखीच दिसतात.

चौथी फाईल त्या छप्पन सालच्या फोटोची, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या घोळक्याची. तिच्यात कोण कोण ते मला ठाऊकच नव्हतं, म्हणून मी तिला नुसतं 'ओळख बाकी' म्हटलं होतं. मान नाही, टिंब नाही, म्हणून वाचली. तुम्ही पुढे मांडी घालून बसला आहात, एवढं कळतं. मीही त्यात आहे, पण आईच्या पोटात, असं तुम्ही सांगता. पण आई कुठली? सगळ्यांनी उन्हामुळे डोळे मिटलेत. फोनवर तुम्ही म्हणालात, डावीकडून तिसरी. डावीकडून तिसरा एक दाढीवाला गृहस्थ आहे, दादा.

आणि पाचवी फाईल 'ती'. ती मात्र जशीच्या तशी होती. तिला कुणी पुसलं नव्हतं, कारण पुसायला त्या नावाची दुसरी फाईलच नव्हती. मी तुमच्या फोटोकडे बघत बसले. चहा गार झाला. ज्याला 'ती.' लिहावं असं आपल्या घराण्यात दुसरं कुणी उरलेलं नाही, हे मला तोवर सुचलं नव्हतं. ते मला एका यंत्राने सांगावं, याचा राग आला. अजून आहे.

तर असा अपघात. आता सगळी नावं पहिल्यापासून सांगावी लागतील, आणि ती फोनवर उरकणार नाहीत, एवढंच मी सुचवते. (मेळाव्याविषयी मी बोलत नाहीये. शब्द दिलेला आहे.) गोदावहिनी गेल्यापासून तुम्ही एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही, हे मला ठाऊक आहे, आणि का ते विचारण्याइतकी मी अजून पुणेरी झालेले नाही. पण त्या घरातला शहाणपणा वहिनींचा होता, आणि त्या असत्या तर आत्ता तुमची बॅग भरत असत्या.

ह्यांचा आणि पूर्णिमाचा जय भीम. मांजराला आशीर्वाद.

तुमची,
शर्मिला

ता. क. पाकिटात तिकीट आहे. पूर्णिमाने काढलंय, खालचा बर्थ, मेळाव्याच्या आधीच्या आठवड्यातलं. परतीचं काढलेलं नाही. ती विसरली असं समजा. मांजराची सबब सांगू नका. तुमच्या शेजारच्या तनुजाशी माझं बोलणं झालंय. ते गेली दोन वर्षं दोन्ही वेळ तिच्याकडेच जेवतं आणि तुमच्याकडे फक्त तक्रार करायला येतं.

ता. क. २. सगळे नातेवाईक सुखरूप आहेत. तारखात्यात प्रत ठेवल्याशिवाय आम्ही साधं वाढदिवसाचं अभिनंदनही पुढे पाठवलं नाही. नावं-शेऱ्यांसकट मूळ फोल्डरची प्रत गव्हाच्या डब्यात, पेनड्राइव्हवर होती. दुसऱ्या दिवशी खिडकीला म्हटलं, करू नकोस, आधी काय करणार ते नुसतं बोलून दाखव. तिने यादी दाखवली, मी चष्मा लावून वाचली आणि या खेपेस दुसऱ्या टिंबापुढचं टाकायला सांगितलं. प्रत्येकाचा मान राहिला, नाव राहिलं, शेरा गेला. पूर्णिमाने फोल्डर पाहिलं आणि विचारलं, "कुणी करून दिलं?" मी एक शब्द बोलले नाही. काम नीट झालं होतं. तेव्हा, नावं पुन्हा सांगायची गरज नाही. फक्त 'ओळख बाकी' ही जी फाईल आहे, तिची ओळख डब्यातल्या प्रतीतही बाकीच आहे. तो फोटो पडद्यावर भिंतीएवढा दिसेल. तुम्ही उठायचं आणि काठीने दाखवायचं, ही आई. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि तिच्याकडे बोट दाखवता येत नाही मला.

ता. क. ३. हे पत्र लिहिता लिहिता एक नवी फाईल तयार केली. 'ती. दशरथदादा. पुण्यात.' शेऱ्यासकट, आणि हा शेरा मी काढणार नाही. खिडकी गप्प आहे. फाईलमध्ये अजून काही नाही. फोटो स्टेशनवर काढू.