वाळूत बसलेला माणूस

प्रिय ज्ञानदाताई,

फोन केला असता तर "यत्या, फालतूपणा नंतर" म्हणून तू कट केला असतास, म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुला माहितीये, तरी शेवटपर्यंत वाच. शनिवारी परेशभावजी त्यांच्या आईला नाशिकला त्यांच्या मोठ्या भावाकडे कायमचं सोडायला निघालेत, असं काल आपल्या आईने सांगितलं. म्हणाली, वसुंधराकाकूंचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, त्यांना भिंतीवरच्या चित्रात माणसं दिसतात. मी जेवत होतो. ताटावरून उठलो. आईला वाटलं पोरगं हळवं झालं.

मी कामणच्या गोडाऊनला लागलो तेव्हा तू म्हणाली होतीस, आठवडाभर टिकलास तर मी तुला साष्टांग नमस्कार घालीन. आठ महिने झाले, नमस्कार बाकी आहे. पण तो राहू दे आता. काम काय, तर परदेशातल्या जुन्या मॉडर्न चित्रकारांची समुद्राची चित्रं छापून येतात, त्यांना आम्ही फ्रेम करतो आणि लोक घरी सोफ्याच्या वर लावतात. फ्रेमच्या कोपऱ्यावर ओरखडा असला तर बारीक ब्रशने तपकिरी रंग लावायचा, मग काच, मागून पुठ्ठा, पिना मारल्या की संपलं. दिवसभर समुद्र बघायचा आणि अंगावर उडतो लाकडाचा भुसा. त्या चित्रांतली माणसं म्हणजे ब्रशचे दोन फटके. तोंड नाही, पाय नाही. एकदा काच पुसता पुसता माझ्या बाजूला काम करणारा स्टॅनी म्हणाला, "काय रे हा बीच! एवढी वाळू, आणि सकाळचा एक पण माणूस डबा घेऊन बसलेला नाय?"

तू ओळखतेस मला. ब्रश हातातच होता.

नखाएवढा काढला. पाठमोरा, उकिडवा, बाजूला डबा. इतका झकास जमला की त्या चित्रकारालापण वाटलं असतं आपणच बसवलाय. स्टॅनी हसून हसून खाली बसला. मग फ्रेमचा ओरखडा रंगाने झाकेना म्हणून शेटने ती मला घरी न्यायला दिली, आणि मी ती तुमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला दिली. चुकून नाही ताई, मुद्दाम. विरारचा फ्लॅट ताब्यात आल्यापासून तू फारच "चप्पल बाहेर, पाय पुसून ये" झाली होतीस. म्हटलं, दोन दिवसांत तुला दिसेल, तू लाटणं घेऊन मागे लागशील, जुनी मजा येईल.

तुला दिसलंच नाही. उलट आल्यागेल्याला सांगत राहिलीस, "माझ्या भावाने स्वतःच्या हाताने फ्रेम केलंय." भावजींच्या साहेबांना सांगितलंस, शेजारच्या मनोरमाताईंना सांगितलंस. चार लोकांत माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं, असं पहिल्यांदाच होत होतं. मग कुठल्या तोंडाने सांगू? वाटलं, जाऊ दे, एवढासा तर आहे, कोण बघतंय.

काकूंनी बघितला. तांदळातला खडा चष्म्याशिवाय पकडणारी बाई ती. त्या रविवारी मी तुमच्याकडे पोहे खात होतो, आठवतंय? काकू म्हणाल्या, "अगं ज्ञानदा, हा कोण बसलाय इथे? शी!" तू म्हणालीस, "आई, मॉडर्न आहे ते, ज्याला जे दिसेल ते." त्या म्हणाल्या, "मॉडर्न लोकांना डबा लागत नसेल, याच्याकडे आहे." मग तू मोबाईलवर मूळ चित्र शोधून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलंस. "बघा, आहे का कोणी?" काकूंनी मोबाईल बघितला, फ्रेम बघितली आणि म्हणाल्या, "यात नाही. त्यात आहे." तर तू आणि भावजींनी परत मोबाईलच बघितला. मान वळवून भिंतीकडे कोणी बघितलंच नाही. काकू माझ्याकडे वळल्या. "यतीन, तूच केलीस ना रे फ्रेम? तू सांग."

मी तोंडातला घास गिळला आणि म्हटलं, "काकू, सावली असेल."

एवढंच बोललो मी. पण त्यानंतर त्यांची प्रत्येक गोष्ट तुम्ही त्याच डोळ्यांनी बघायला लागलात. आमटीत मीठ दोनदा पडलं, डोकं फिरलंय. चावी विसरल्या, डोकं फिरलंय. मीठ आपल्या आईचंपण पडतं ग, आणि चावी तर तू लग्नाच्या दिवशी विसरली होतीस. आधी गॅसचा लायटर लपवला, मग त्यांचं एकटीने भाजीला जाणं बंद केलंत. बाहेरून कुलूप लावता हे मला माहीत नव्हतं. ते आज दुपारी कळलं.

आज खाडा करून आलो. तुम्ही दोघं ऑफिसला. बेल वाजवली, तर काकूंनी आतलं दार उघडलं आणि जाळीच्या दारापलीकडे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चहा दिला असता रे, पण मी कुलपात आहे आणि लायटर तुझ्या बहिणीच्या पर्समध्ये आहे." मी तिथेच, जाळीला कपाळ टेकवून, सगळं सांगितलं. वाटलं चप्पल काढतील. जाळीतून चप्पल येत नाही, हापण विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. त्यांनी फक्त विचारलं, "डबा आहे ना त्याच्या बाजूला?" म्हटलं, "आहे." तशा त्या खाली फरशीवरच बसल्या. मग म्हणाल्या, "रोज दुपारी स्टुलावर चढून बघायचे मी त्याला. गेल्या आठवड्यापासून मलापण सावलीच दिसायला लागली होती."

ताई, मी आयुष्यात खूप जणांच्या खोड्या काढल्या, पण असं कोणी माझ्यासमोर बोललं नव्हतं.

मी म्हटलं, आत्ता फोन लावतो ताईला. त्या म्हणाल्या, "नको. फोनवर सांगशील तर म्हणतील, म्हातारीने पोराला पढवलं. लेखी दे." वहीची पानं आणि पेन त्यांनीच जाळीतून बाहेर सरकवलं. तुमच्या दारासमोरच्या पायरीवर बसून लिहितोय. त्या आतून बघतायत, मधेच विचारतायत, "डब्याचं लिहिलंस का?" लिहून झालं की पत्र जाळीतून त्यांच्याच हातात देणार आहे. म्हणजे तुला ते त्यांनीच दिलं असणार, आणि आत्ता त्या तुझ्यासमोर उभ्या असणार. माफी मागितली मी. त्या म्हणाल्या, "तुझं नंतर बघू. आधी एक अट लिही." ती लिहितो. इथपर्यंत मनात वाचलं असशील, तर आता भावजींना बोलाव आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. काकूंना ऐकायचंय.

तुझाच, मार खायला खाली गेटवर थांबलेला,
यतीन