पिंपातल्या ताई

९ जानेवारी

चि. टिकलीस,

अनेक आशीर्वाद. बाबा तुला टिकली म्हणतात म्हणून मीही तेच लिहिलं. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू पत्र तिथेच मिटलं असतंस.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, बाबा मात्र अवाक्षर काढत नाहीत. तपकिरी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या खोलीच्या खिडकीला नवी काच बसवली. मी त्या खोलीत पाय ठेवत नाही. काचवाल्यालाही बाबांनीच आत नेलं.

चीजचं मात्र काही खरं नाही. लग्न करून आले तेव्हा माहेरच्या डेअरीतलं विरजण बरणीत घालून मी मांडीवर धरून आणलं होतं. स्टीलच्या पातेल्यात ते झकास लागतं. पण तेवढ्याशा पातेल्यावर धंदा चालत नाही, आणि तुझ्या आईच्या माघारीही बाबांना तिचं लाकडी पिंपच हवं. त्यात घातलं की दूध नुसतं बसून राहतं. घासून झालं, उकळतं पाणी ओतून झालं, उन्हात पालथं घालून झालं. दूध ढिम्म.

तुला हसू येईल, पण हल्ली झाकण उघडण्याआधी मी त्यावर टकटक करते, कुणाच्या खोलीत शिरावं तशी. मनात म्हणते, ताई, येऊ का? तुझ्या आईला मी ताईच म्हणते. कधी कधी बाबा पिंपाच्या काठावरून हात फिरवत उभे असतात. मग मी बाहेरच थांबते.

शेवटी आतलं लाकूड खरवडून, सोबत माझं विरजण घेऊन प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी काचेची बशी दाखवली. माझ्या विरजणातले जिवाणू तिच्यात सायीसारखे पसरले होते आणि मधोमध पिंपातल्या जिवाणूंचा एक ठिपका होता. ठिपक्याभोवती साय गायब, स्वच्छ रिंगण.

“हे पिंपातले एक प्रथिन सोडतात,” बाई म्हणाल्या. “विषच म्हणा ना. दूध विरजायचा जोर गेलाय त्यांचा, मारायचा तेवढा राहिलाय.”

“सगळ्यांनाच मारतात?”

“छे हो! परक्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. मारतात ते जवळच्या नात्यातल्यांना. जागा तीच, खाणं तेच, मग भांडण दुसऱ्या कुणाशी करणार?”

“पण मी उकळतं पाणी ओतलं होतं.”

“वरवरचे मेले असतील. लाकडात खोल शिरलेले राहतात. आणि हे विष उकळूनही जात नाही.”

त्या हसत हसत सांगत होत्या. त्या पिंपात ताईंच्या विरजणाखेरीज दुसरं कधी पडलंच नव्हतं.

मला तुझं बोलणं आठवलं. हॉस्टेलला निघताना दारात बॅग टेकवून तू म्हणालीस, “या घरात तुमचं काही टिकायचं नाही.” मला राग आला नाही गं. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

गेल्या वर्षी मी दवाखान्यात होते तेव्हा बाबांनी तुला ‘पोटाचं दुखणं’ असं कळवलं. पोटाचंच होतं. बाळ होतं. राहिलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं, कुणाचा दोष नसतो. मला पटतं. एकटी असले की पटत नाही. दुधातल्या जिवाणूंचा आणि त्याचा काडीचाही संबंध नाही, हे प्रयोगशाळेतल्या बाईंनीही दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

बाबा म्हणतात, पिंप जाळून टाकू. म्हणतात आणि मग दिवसभर जेवत नाहीत. मीच नको म्हटलं. बाईंना विचारलं, “हे विष सोडणारे स्वतः कसे मरत नाहीत?”

“त्यांच्याकडे त्यावरचं कवच असतं. विष ज्याच्याकडे, कवचही त्याच्याकडेच. कधी कधी ते शेजाऱ्यालाही मिळतं. दोघांना एकत्र वाढवून बघा, नशीब असेल तर जमेल.”

म्हणून वाटीत पिंपाचा कीस आणि माझं विरजण एकत्र ठेवलं, नवं दूध घालत राहिले. किती वाट्या मोरीत ओतल्या ते विचारू नकोस. काल एका वाटीतलं दूध विरजलं. पातळ आहे, पण विरजलं. म्हणजे माझ्यातलं काहीतरी ताईंनी जगू दिलं. मी वाटी हातात घेऊन वेड्यासारखी रडले.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मला पुन्हा दिवस गेलेत. बाबांना अजून बोलले नाही, आधी तुला सांगतेय. मला फार भीती वाटते, टिकली.

मला आई म्हण, असं मी म्हणत नाही. तेवढं एक वाक्य मागे घे. एका ओळीचं पत्र पुरे. अगदी कोरा कागद पाठवलास तरी मी त्यावर हवं ते वाचीन.

तू हाक मारशील ती