पाण्यात सोडलेला दिवा

४ मे

आलो बाई एकदाचे! ट्रकमधून शेवटचं खोकं उतरलं तेव्हा हॉइट अंगणात चक्क नाचला. साठीला टेकलेला बाप्या, एका गुडघ्यात लोखंड, आणि नाचतोय! मी म्हटलं, पडलास तर उचलायला मी येणार नाही. तर म्हणे, तूच येशील, दुसरं आहे कोण.

समोर अख्खा बोग नीटा तलाव, मागे पाइनची झाडं, मध्ये आमचं दोन खोल्यांचं घर आणि त्याला चिकटलेलं आमिषाचं दुकान. दुकान कसलं, सिमेंटच्या दोन टाक्या, त्यांत बोटाएवढे जिवंत मिनो मासे, एक बर्फाचं यंत्र आणि दारावर घंटी. गिऱ्हाईकाने घंटी वाजवली की मी जाळी घेऊन धावायचं. मेम्फिसला इतकी वर्षं इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत बसून लोकांची रडगाणी ऐकली, त्यापेक्षा हे मासे बरे. निदान गप्प असतात.

आमचं लग्न होऊन चार वर्षं झाली. त्याआधी मी एवढी एकटी राहिले होते की घरात दुसरं कुणी खोकलं की दचकायचे. आता हॉइट खोकला नाही तर झोप लागत नाही. लिहायला लाज वाटते, पण लिहितेच. हा माणूस मला हवाय. अजून पुष्कळ वर्षं हवाय.

८ मे

काल रात्री हॉइटबरोबर पहिल्यांदा क्रॅपी मासे धरायला गेले. आमची होडी म्हणजे पत्र्याची कढईच. दुसऱ्या होडीत शेजारचा लमार स्टेगॉल होता. सत्तरी उलटलेला, विधुर, कान जड आणि जीभ भलतीच हलकी.

उन्हं तापायला लागली की हे मासे दिवसा खोल जाऊन बसतात, म्हणून रात्रीचा उद्योग. नांगर टाकायचा, होडीच्या कडेला आकडीवर कंदील टांगायचा आणि तोंड मिटून बसायचं. आधी पाखरं येतात आणि पटापट पाण्यात पडतात. ती खायला बारीक मासे जमतात आणि उजेडाच्या गोलात गरगर फिरायला लागतात. मग त्यांच्या मागावर क्रॅपी येते, पण ती उजेडात येत नाही, अंधाराच्या कडेला थांबते. गळ त्या कडेलाच सोडायचा.

तिचं तोंड कागदासारखं पातळ. हिसका दिला की फाटतं आणि मासा जातो. हॉइटने सगळ्यांना हिसके दिले. शेवटी लमार त्याच्या होडीतून ओरडला, "बाबा रे, मासे धरतोयस की गवत उपटतोयस? हळू उचल. तिला कळताच कामा नये!" मी इतकी हसले की होडी हलली आणि दोघांच्या शिव्या खाल्ल्या.

सकाळी मक्याच्या पिठात घोळवून तळले. लमारने माझ्या वाट्याचेही खाल्ले आणि वर कोबीत मीठ कमी आहे म्हणाला. मला तो आवडला.

१४ मे

हॉइटने नवं खेळणं आणलंय. नळीसारखा हिरवा दिवा, लांबलचक वायर, वायर बॅटरीला जोडायची आणि दिवा सरळ पाण्यात सोडायचा. दुसऱ्या तलावांवर सगळे हेच वापरतात म्हणे, कंदील आता फक्त म्हातारे लावतात. हे त्याने मुद्दाम लमारच्या देखत म्हटलं.

लमार उलटून काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. त्याने नुसता दिवा हातात घेऊन बघितला, परत ठेवला आणि म्हणाला, की बोग नीटावर दिवा पाण्याच्या वर टांगतात, पाण्यात सोडत नाहीत. हॉइटने विचारलं, का बुवा? तर म्हणाला, "वर टांगला की तो तुझा दिवा. खाली सोडलास की कुणाचा, ते मला माहीत नाही." त्याच्या बापाने त्याला एवढंच सांगितलं होतं. बापाला त्याने पुढे विचारलं नाही, कारण बाप उलट प्रश्नाला पट्टा काढायचा.

हॉइट हसून हसून बेजार. रात्री दिवा सोडलाच. आणि मासे काय सांगू! मोठं खोकं गच्च भरलं. आज सकाळी लमारच्या दारात मुद्दाम त्यातले चांगले चांगले ठेवून आला. लमारने ते तसेच परत आणून दिले.

१८ मे

हॉइट सांगतो की खोल पाण्यात आणखी एक दिवा आहे. आमच्या दिव्याच्या बराच खाली. पहिल्या रात्री तो मळकट पिवळा होता, विझायला आल्यासारखा. काल जरा हिरवट दिसला. मी म्हटलं, आपल्याच दिव्याचं प्रतिबिंब असेल. तर म्हणे, मग आपला हिरवा आणि तो पिवळा कसा? मग म्हणाला, कुणाचा तरी दिवा पडला असेल खाली, आणि वर मलाच विचारतो की वायरशिवाय तो पेटतो कसा. मला काय विचारतोस, मी मिनो विकते.

काल एकही मासा आणला नाही.

२० मे

काल मी बरोबर गेले. मुद्दाम गेले, त्याचं डोकं ठिकाणावर आहे का बघायला.

आहे. दिवा आहे. हुबेहूब आमच्या दिव्यासारखा हिरवा, खोल. हॉइटने आमचा विझवला, तरी तो खाली तसाच राहिला. मग जरा वेळाने तोही विझला. हॉइटने आमचा लावला, आणि तोही लागला. हॉइटला केवढी गंमत! "नक्कल करतोय बघ, मार्वा, शिकतोय!" लहान पोरासारखा परत परत बटण दाबत बसला. मी नांगराची दोरी ओढायला लागले. मी म्हटलं, पुरे, चल.

त्याने आमचा विझवला. खालचाही विझला. काळोखात तो बटण चाचपत होता, आणि त्याचा हात पोचायच्या आधी खालचा लागला.

आमच्या आधी.

पाण्यात एक मिनो नव्हता, एक पाखरू नव्हतं. लमारच्या होडीवरचा कंदील दूर दिसत होता, तो त्याने टोपीने झाकला.

२२ मे

तो रोज जातो. मासे आणत नाही, गळ तर नेतच नाही. जेवण ताटात तसंच ठेवून उठतो. काल मी भांडले, चांगली तोंड सोडून भांडले. तो शांतपणे म्हणाला की खाली बघत बसलं की गुडघा दुखत नाही. एवढंच. भांडायला काही ठेवलंच नाही त्याने.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. त्या रात्री मीही खाली बघितलं होतं. खूप तहान लागल्यावर भरला पेला दिसावा ना, तसं झालं. डोळे काढावेसे वाटेनात. मी स्वतःला जोरात चिमटा काढला, अजून काळंनिळं आहे.

लमारला विचारलं की आता काय करायचं. तो म्हणाला, दिवा काढून घे, नवऱ्याला घेऊन परत शहरात जा, दुकानाचं मी बघतो. आवाज खाली करून बोलला, कान जड असलेला माणूस!

२५ मे

दिवा आणि बॅटरी बर्फाच्या यंत्रामागे दडवून ठेवली. वाटलं, आता शोधाशोध करील, चिडेल, ओरडेल, मग मी त्याला धरून गाडीत घालीन.

त्याने शोधलंच नाही. तसाच गेला. काळोखात, कंदीलही न घेता. मी धक्क्यावरून हाका मारत राहिले. त्याची होडी मला दिसत होती — खालच्या उजेडाने दिसत होती. तिच्या बुडाखाली सगळं हिरवं.

२६ मे

हॉइट परत आला नाही.

लमारने होडी ओढून आणली. नांगर टाकलेला होता. त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे आत खोचून. चार वर्षांत या माणसाने एकदाही सरळ बूट काढले नाहीत. मी ते बूट घेऊन बसले आहे.

२८ मे

शेरीफची माणसं आली, पाणबुडे आले. काही मिळालं नाही. खालचं पाणी गढूळ आहे, बर्फासारखं गार आहे, आणि दिवाबिवा काही नाही म्हणे. एकाने मला हळूच विचारलं, की हॉइट पीत होता का. मी त्याला दुकानातून हाकलला.

लमार रात्री पायरीवर बसतो. बंदूक घेऊन. मी विचारलं, कुणाला मारणार? तो म्हणाला, माहीत नाही, पण हात रिकामे बरे वाटत नाहीत.

३० मे

दिवा आता धक्क्याखाली आला आहे. आमच्या.

लमारला झोप लागली होती, म्हणून मी एकटीच गेले. चार हात पाणी आहे तिथे — पण उजेड त्याहून खोल, खूप खोल. आणि हॉइट. हॉइट आहे तिथे. देवाशपथ. उभा. उजवा हात वर जातो, खाली येतो, परत वर. डोळे उघडे. मला बघून त्याचं तोंड हललं.

जिवंत आहे. माझा माणूस जिवंत आहे!

लमारने मागून येऊन कमरेला धरलं. माझा एक पाय पाण्यात गेला होता. मला कळलंही नव्हतं.

३१ मे

सकाळी घंटी वाजली. शहरातलं नवखं जोडपं. मिनो गळाला कसा लावायचा ते दाखवा म्हणाले. मी हातात घेतला, सवयीने सांगायला लागले — पाठीत लावायचा, वरच्या वर, कणा सांभाळून. म्हणजे मरत नाही. वळवळत राहतो. मेल्या मिनोकडे कोण बघतं —

हातातून पडला. जमिनीवर उड्या मारत होता.

पाठ. हॉइटची पाठ ताणलेली होती. मागून कुणी धरल्यासारखी. तो पोहत नव्हता, हात हलवून बोलावत नव्हता. तो —

त्याला धरलं ते त्याच्यासाठी नाही. तो मासा नाहीच. मासा मी आहे.

१ जून

लमारला सगळं सांगितलं. तो हसला नाही, वेड लागलं म्हणाला नाही. तलावाकडच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या. उद्या पहाटे तो मला गाडीने मेम्फिसला माझ्या बहिणीकडे सोडणार आहे. पिशवी भरली. आज रात्र काढायची, बस. फळ्यांच्या फटींतून हिरवं येतंय. पडद्याला चिकटपट्टी लावली.

बघणार नाही.

१ जून, रात्री

बघितलं.

हात हळू झालाय त्याचा. अर्धाच वर जातो. मान कलली आहे —

दमलेल्या मिनोचं आपण काय करतो? काढून टाकतो. दुसरा लावतो. बाजूला फेकतो, बघतही नाही कुठे पडला —

आज गेले नाही तर उद्या खालचे त्याला फेकतील. मी मेम्फिसला बहिणीच्या घरी कॉफी पीत बसलेली असेन आणि इथे त्याला —

नाही. नाही जमणार मला.

धक्क्यावर आले आहे. लमार घोरतोय. दोरी खांबाला बांधली, दुसरं टोक कमरेला. माश्यांची सुरी घेतली. त्यांना हवं तेच करतेय, माहीत आहे मला. पण सुरी आहे. पाठीमागचं कापलं तर — एकदाच हात पोचला तर —

कंदील आणला नाही. लिहायला खालचा उजेड पुरतोय.

हॉइटने वर बघितलं. ओळखलं मला. मान हलवतोय — नको म्हणतोय. रडतोय बहुतेक, पाण्यात कळत नाही. नको, जा, म्हणतोय, जा —

अरे, मग तू तूच आहेस. तूच आहेस रे माझ्या राजा. ते कशाला मला जा म्हणतील? थांब. हात तेवढा वर कर, थोडासाच, मी आलेच, मी धरते —