बाबा, मी इंटरव्ह्यू दिला

बाबा, गेल्या आठवड्यात मी इंटरव्ह्यूला गेलेले. मुलीला सोबत म्हणून नाही, माझ्या स्वतःच्या. ठाण्यात पाणी तपासणारी एक लॅब आहे, तिथे केमिस्ट हवी होती. जाहिरात तुमच्या नातीने बघितली आणि मला न विचारताच माझा अर्ज पाठवून दिला. बोलावणं आलं तेव्हा मी इथे डोंबिवलीत, आमच्या हॉलमध्ये, नववीच्या मुलांना आम्ल आणि आम्लारी शिकवत होते. मेसेज वाचला आणि पुढचं वाक्यच आठवेना. "मॅडम, काय झालं?" मुलं विचारतायत. "काही नाही, आज लवकर सुटी," म्हटलं. पोरं ओरडत जिना उतरली, आणि मी दार लावून एकटीच हसत बसले.

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आपल्या खोलीतली ती सकाळ सारखी समोर येतेय. माझा पहिला इंटरव्ह्यू, औषधांच्या कंपनीतला. तुम्ही कारखान्यातून रात्रपाळी करून आलाय, डोळे तांबारलेत, तरी अंघोळ करून लग्नाकार्यातला शर्ट घालता आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून साहेब होऊन बसता. मला बाहेर पाठवता. मी दार वाजवते. "मे आय कम इन, सर?" "या, बसा," तुम्ही म्हणता. जन्मात पहिल्यांदा मला अहोजाहो! आई भाकरी थापता थापता तोंडाला पदर लावते. "शिक्षण काय झालंय?" मी खाली बघत उत्तर देते आणि तुमचा साहेब कुठल्या कुठे जातो. "फरशी देणारे का तुला नोकरी? वर बघ! जा बाहेर, परत ये." किती वेळा बाहेर गेले आणि आत आले, कोण जाणे. शेवटी शेजारच्या मावशीच म्हणाल्या, "अहो, द्या आता पोरीला नोकरी!" मी वैतागून विचारलं, "तुम्हाला काय विचारलेलं हो इंटरव्ह्यूत?" "मला कुठला इंटरव्ह्यू? गेटवर उभं केलं, हात बघितले, आत घेतलं." दुपारी न झोपता कल्याणला जाऊन माझ्यासाठी सँडल आणलेत, एक नंबर मोठे. "पाय वाढतील," म्हणालात. मी बी.एस्सी. झालेले, बाबा. पुढे कापूस कोंबून गेले.

ती नोकरी मिळाली आणि मी जीव लावून केली. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मुलगी रांगत होती, आणि मी राजीनामा दिला. मी तुम्हाला सांगायला आले. चहा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभे राहिलात. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मी घरात ट्यूशन घेत राहिले आणि मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. वाटायचं, बाबांनी मला शेवटचं बघितलं ते असं, नोकरी सोडलेली.

या वेळी साहेब तुमची नात. "आई, गॅपचं विचारतील." "सांगेन, सासूबाई आजारी होत्या." "सांग, पण असा रडका चेहरा नको गं करूस. चिल!" मला मात्र बोलण्यापेक्षा हातांची भीती, सवय मोडली असेल. म्हणून ओट्यावर प्रयोगशाळा मांडली. चुन्याच्या निवळीत हळद टाकली की पाणी लालभडक होतं, त्यात सिरिंजने लिंबाचा रस थेंब थेंब सोडायचा आणि पिवळं झाल्या क्षणी थांबायचं. पहिल्या दिवशी दर वेळी पुढेच जायचे. घरातली लिंबं संपली. हे ऑफिसातून आले, ग्लास उचलला. "वा, सरबत?" "पिऊ नका!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

लॅबच्या मुख्य बाई माझ्याहून पुष्कळ लहान निघाल्या. मध्ये इतकी वर्षं काय केलंत, विचारलं. मी वर बघून सांगितलं. आजारपण सांगितलं, ट्यूशन सांगितली, चेहराही रडका केला नाही. मग म्हणाल्या, "चला, पाण्याचा जडपणा मोजूनच दाखवा." उभ्या काचेच्या नळीची तोटी डाव्या हातात आली, उजव्या हातात चंबू गोल फिरायला लागला. लालसर पाणी जांभळट होत गेलं. हात आपसूक मंदावला. एक थेंब. अजून एक. आणि निळं! बाबा, मी चक्क "आलं!" म्हणून ओरडले. बाई हसायला लागल्या. "किती वर्षांनी करताय?" "कालच केलं," मी म्हटलं, "हळदीवर."

आज दुपारी त्यांचा फोन आला. सोमवारपासून याल का, विचारलं. आणि मी काय म्हणावं? "घरी विचारून सांगते." फोन ठेवला तर तुमची नात कपाळाला हात लावून उभी. "कोणाला विचारणारेस? पप्पा हो म्हणालेत, मी हो म्हणालेय. राहिलंय कोण?" मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि उगाच हात धूत राहिले.

राहिलं होतं ते विचारायला हे लिहितेय. जाऊ ना, बाबा? पत्र कुठे टाकायचं नाहीये, मोहन्याच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. आणि खरं सांगू? तुमच्या उत्तराची वाट बघायला मला धीर नव्हता. लिहायला बसायच्या आधीच लॅबच्या बाईंना फोन लावून मी हो म्हणून मोकळी झालेय.