सूचना पुन्हा सांगा

३ मार्च
तीस दिवसांची परीक्षा सुरू. कोळशाचं युनिट तीन नुसतं गरम ठेवायचं, त्याची वीज घ्यायची नाही. ऊन, वारा आणि बॅटरीवर शहर चाललं तर युनिट कायमचं बंद. एकदा जरी चालवावं लागलं, तर आणखी वर्षभर राहणार.

चालवायला सांगणार मी, ग्रिडच्या नियंत्रण कक्षातून. तिकडे फोन उचलणार बाबा. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरलेत. युनिट गेलं तर त्यांना भंगाराच्या गोदामावर पाठवणार — बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला! मला हे पचत नाही.

४ मार्च
लाइन रेकॉर्ड होते, म्हणून मी 'मॅडम' आणि ते 'युनिट तीन'. मी सूचना द्यायची, त्यांनी ती शब्दशः परत म्हणायची. तोवर सूचना दिली असं धरत नाहीत. आई बाबांना म्हणाली, "माझं कधी असं ऐकलंत का घरात?"

११ मार्च
काही नाही. वारा चांगला.

२४ मार्च
दुपारी ढग. सोलर निम्म्यावर. साडेतीनला फोन केला.

"युनिट तीन, चालू करा. सहापर्यंत ग्रिडवर या."

मग नियमाप्रमाणे म्हटलं, "सूचना पुन्हा सांगा."

"बॅटरी किती आहे, मॅडम?"

"बासष्ट टक्के."

"आणि वारा?"

"संध्याकाळी वाढेल."

"मग एकदा आकडे बघून घ्या. गरज वाटली तर परत फोन करा."

सूचना त्यांनी परत म्हटलीच नाही. मीही पुन्हा फोन केला नाही. संध्याकाळची मागणी उतरली तेव्हा बॅटरीत एकोणीस टक्के शिल्लक होते. कुठे दिवासुद्धा लुकलुकला नाही.

२५ मार्च
नाश्त्याला बाबा म्हणाले, "मॅडम, मीठ द्या." रागच आला मला. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि वर थट्टा!

१ एप्रिल
युनिट तीन बंद करायची सूचना मीच दिली. बाबांनी शब्दन् शब्द परत म्हटली. आवाज नेहमीचाच होता.

२ एप्रिल
अहवालासाठी चोवीस तारखेच्या फोनचं कारण विचारलंय. 'सावधगिरी' असं लिहून दिलं. बॅटरी पुरणार हे फोन उचलायच्या आधीच मला समोर दिसत होतं. बाबांनाही ते दोन प्रश्नांत कळलं.