समासातला अंदाज

सर,

परवा लातूरला जाऊन आले. तुमच्या लेकीच्या कॉलेजात दुपारच्या तासाला साठेक पोरं-पोरी समोर बसली होती आणि फळ्यावर तिनं गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘इंजिनिअरिंगचं गणित आणि नोकरीच्या संधी’. विषय ओळखीचा वाटला ना? हेच व्याख्यान द्यायला तुम्ही मला नांदेडला बोलावत होता. सलग तीन वर्षं बोलावत होता आणि मी सलग तीन वर्षं टाळत होते. तुम्हाला जाऊन आठ वर्षं होत आली, आणि आत्ता कुठं मला सवड झाली. हे लिहायला लाज वाटते, पण तुमच्यापुढं लाजून तरी काय करू, माझ्या एम-थ्रीच्या उत्तरपत्रिका तुम्ही पाहिलेल्या आहेत.

एम-थ्री, दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर. आमच्या नायगावच्या घरातून नांदेडला इंजिनिअरिंगला आलेली मी पहिलीच, आणि त्या पेपरात सणकून आपटले. गावाकडं सांगितलंच नाही. तुम्ही वर्गात कुणाचं नाव न घेता एवढंच म्हणालात, "ज्यायचं राहिलंय त्यायनी रविवारी घरी या. डबा आणू नका." तुमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत लेक अभ्यासाला बसलेली असायची, म्हणून आपला वर्ग स्वयंपाकघरात भरायचा. फळा नव्हताच. तुम्ही शहाबादी फरशीवर उकिडवे बसून खडूनं गणित मांडायचात, ओट्यापासून सुरू करून दारापर्यंत यायचात, आणि आम्ही पाच-सहा जण भिंतीला पाठ लावून मागं मागं सरकायचो. काकू पोहे परतता परतता म्हणायच्या, "लवकर उतरून घ्या रे, मला फरशी पुसायची हाय." एकदा त्यांनी खरंच अर्धं उत्तर पुसून टाकलं आणि तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. अजूनही कुणाच्या घरी मोहरी तडतडली की मला आधी एम-थ्रीतलं लाप्लासचं गणित आठवतं, भूक नंतर लागते.

तुमची एकच अट होती. गणित सोडवायच्या आधी वहीच्या समासात पेन्सिलीनं अंदाज लिहायचा. उत्तर धन येणार की ऋण, मोठं येणार की लहान, वाढत जाणार की विझत जाणार. अंदाज पेन्सिलीनं, उत्तर पेननं, आणि अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. मला तो नसता खटाटोप वाटायचा. एका रविवारी मी दहा गणितं सोडवून आणली, दहाही बरोबर, समासात दहा अंदाज आणि तेही बरोबर. तुम्ही वही पाहिली, चष्मा काढला, आणि सगळ्यांसमोर न बोलता मला मागच्या दारात नेलंत. म्हणालात, "अंदाज येवढा तंतोतंत येत नसतोय पोरी. हे तू मागून लिहिलंस." मी मान खाली घातली. "चुकला तर चुकला, त्याचे मार्क कापून राहिलो का मी? पण मागून लिहिलेला अंदाज म्हणजे खोटं. आन् ते खोटं तुला एकटीलाच ठाऊक असतंय, म्हणून लई वाईट." मग खिशातली तुमची पेन्सिल काढून दिलीत, मागून चावलेली, बोटभर उरलेली. ती मी आठवडाभर रागानं वापरली आणि नंतर जपून ठेवली.

दर वर्षी एखादं पोरगं मागच्या बाकावरून विचारायचंच, "सर, ह्याला नोकरी कुठं हाय?" दुसरे मास्तर या प्रश्नावर चिडायचे, तुम्ही मात्र कासावीस व्हायचात. तेव्हा मला कळायचं नाही, आता कळतं. तुम्ही पंचवीस वर्षं कंपनांची समीकरणं शिकवलीत, पण त्यांच्यावर ज्याचं पोट चालतं असा एकही माणूस तुम्ही पाहिला नव्हता. जे पास झाले ते बँकेत गेले, तलाठी झाले, वायरमनच्या परीक्षा देत बसले. माझ्याही घरचे सरकारी परीक्षेचंच म्हणत होते. तुम्ही नायगावला आलात, आमच्या ओसरीवर बसून माझ्या वडिलांना म्हणालात, "हिला पुढं कंपनाचं शिकू द्या. यंत्र हाय तोवर कंपन हाय." वडिलांना काही समजलं नसावं, पण एवढा शिकलेला माणूस बसनं आला याचंच त्यांना अप्रूप वाटलं.

मग मला पुण्यात नोकरी लागली. पहिल्याच महिन्यात तुमचा फोन आला. "लागतं का गं तिथं आपलं गणित?" आवाजात एवढी आस होती, सर. मी म्हणाले, "रोज लागतं सर. लाप्लास, फूरिये, सगळं." खरं सांगायचं तर माझ्या हाती तेव्हा एकच काम होतं. यंत्राच्या भागाचं चित्र संगणकावर घ्यायचं आणि त्यावर बारीक त्रिकोणांची जाळी बसवायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जाळी. समीकरणं सोडवायचं काम सॉफ्टवेअरचं, बटण दाबायचं काम वरच्या साहेबाचं. शेजारी बसणाऱ्या पोराला एम-थ्रीतलं ओ की ठो येत नव्हतं आणि त्याची जाळी माझ्याहून सुबक असायची. हे मी तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार होते? एकदा "रोज लागतं" म्हटलं आणि मग प्रत्येक फोनला तेच म्हणत राहिले.

माझ्या त्या एका वाक्यावर तुम्ही केवढा इमला चढवलात. वर्गात सांगायला लागलात, आपल्या नायगावची पोरगी रोज समीकरणं सोडवून राहिलीय. तुमची लेक दहावीला बोर्डात चमकली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी घेरलं, हिला लातूरला ठेवा, डॉक्टरकीच्या क्लासला घाला. तुम्ही म्हणे त्यांना माझं उदाहरण दिलंत. लेक गणिताला गेली. हे तुम्हीच मला फोनवर आनंदानं सांगितलंत आणि मी घाईनं विषय बदलला. त्यानंतर तुमची बोलावणी सुरू झाली. "एकदा येऊन पोरायला सांग. मी सांगितलेलं त्यायला मास्तरचं बोलणं वाटतंय, तू सांगितलं तर पटंल." मी हो म्हणायचे. तुम्ही पोरांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या लिहून घ्यायचात, खडूच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवायचात. मग मी ऐनवेळी काहीतरी काढायचे. तिसऱ्या वेळी तर गुरुवार ठरला होता, फळ्यावर माझं नाव लिहिलं होतं. त्या सकाळी मी फोन करून म्हणाले, "सर, मीटिंग निघाली." तुम्ही म्हणालात, "हाव, कामं असतेत. जेवलीस का?"

त्याच वर्षीची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तिनंच सगळ्यात जास्त रडवलंय. ऊसतोडणी यंत्राच्या चौकटीचं काम आमच्याकडं आलं होतं. सेकंदाला किती वेळा थरथरली तर ती धोक्यात येईल, हे काढायचं होतं. मी सवयीनं वहीच्या समासात पेन्सिलीनं पंचवीस लिहिलं. संगणक म्हणाला, आठशेच्या आसपास. रंगीत चित्र झकास, अहवाल तयार, साहेब खूश. मी म्हणाले, हे चूक आहे. का, ते मला लगेच सांगता येईना, फक्त एवढंच कळत होतं की एवढी जड चौकट एवढ्या चपळाईनं हलत नसते. दोन दिवस सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. शेवटी सापडलं. लोखंडाच्या घनतेचं एकक चुकलं होतं, चौकट हजारपट हलकी धरली गेली होती, म्हणून तिची थरथर तीसेकपट जलद दिसत होती. दुरुस्त केल्यावर आलं सत्तावीस. त्यानंतर मला जाळीवरून उठवून तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि आजतागायत माझं काम तेच आहे, संगणकाच्या उत्तरावर संशय घेणं. आणि त्या दिवशी मला तुम्हाला फोन करावासा वाटला नाही, सर. कारण मला वाटलं, हे कुठं गणित आहे, हा तर नुसता अंदाज आहे. तुम्ही पंचवीस वर्षं ज्या माणसाची वाट पाहत होता तो माणूस मी त्या दिवशी झाले होते, आणि माझ्या मठ्ठ डोक्याला ते समजलं नाही. तुम्ही तेव्हा जिवंत होता. फोनच्या अंतरावर होता.

पाच महिन्यांनी तुमच्या लेकीचा फोन आला. बाबा वर्गातून येऊन पायरीवर बसले ते उठलेच नाहीत, म्हणाली. मी तेव्हाही नांदेडला आले नाही.

तर परवा. लेक आता लातूरला तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच तिचं कॉलेजात असणं, पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. तुमचीही सुरुवातीची वर्षं अशीच गेली होती. तिच्या वर्गाला मी एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. सांगितलं, सुरुवातीला जाळी विणावी लागेल आणि ती कंटाळवाणी असेल. सांगितलं, समीकरण तुम्ही सोडवणार नाही, यंत्रच सोडवेल. वाहनं, पंप, पूल, पवनचक्क्या, विमा, हवामान, सगळीकडं त्या यंत्राचं उत्तर तपासणाऱ्यांच्या खुर्च्या आहेत, पण त्या थोड्या आहेत आणि त्यांच्यावर बसवताना तुम्हाला एकच गोष्ट विचारतील, उत्तर चुकलेलं तुम्हाला ओळखता येतं का. मग चौकटीची गोष्ट सांगितली. एका पोरीनं लगेच वही उघडून समासाची रेघ आखली. मी पाणी प्यायचं निमित्त केलं.

वर्ग सुटल्यावर आम्ही दोघी रिकाम्या बाकांवर बसलो. लेक हुबेहूब तुमच्यासारखा चष्मा काढते. मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय. मी तुझ्या बाबांशी खोटं बोलले होते. लाप्लास मला रोज लागत नव्हतं. माझ्या बोलण्यावर तुझी वाट ठरली."

ती म्हणाली, "ताई, गणित मलाच पाहिजे होतं. बाबायला तुमचं नाव घेऊन पाहुण्यायची तोंडं बंद करता आली, येवढंच." मग पिशवी पुढं ओढत म्हणाली, "आन् बाबायला ठाऊक होतं."

तिनं पिशवीतून तो खडूचा डबा काढला. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या, खडूच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या. पगार किती, इंग्रजी यावं लागतं का, मुलींना घेतात का, पुण्यात राहायची सोय काय. एक चिठ्ठी तिनं वेगळी घडी करून ठेवली होती. ती तुमच्या अक्षरात होती. पोरांबरोबर तुम्हीही प्रश्न लिहून डब्यात टाकला होता. पेननं लिहिलं होतं, ‘पोरी, लाप्लास खरंच रोज लागतं का?’ आणि डाव्या बाजूला, बारीक रेघेच्या पलीकडं, पेन्सिलीनं: ‘अंदाज: नाही. तरी ये.’

मी तिच्यासमोर रडले, सर. चांगली छत्तीस वर्षांची बाई, हुंदके देऊन रडले. तिनं अडवलं नाही, फळा पुसत राहिली.

डबा तिनं मलाच दिला. या पत्राला पत्ता नाही, म्हणून हे लिहून झालं की घडी करून त्याच डब्यात ठेवणार आहे, तुमच्या चिठ्ठीच्या खाली. फक्त एक राहिलंय, ते तुमच्या लेकीलाही सांगितलेलं नाही. त्या गुरुवारी कसलीही मीटिंग नव्हती. मी आले होते सर. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी नांदेडच्या स्टँडवर उतरले होते, अंगावर इस्त्रीची साडी होती, पर्समध्ये तुमची पेन्सिल होती. तिथल्या बाकावर तासभर बसले आणि तिथूनच तुम्हाला फोन लावला. मी मीटिंगचं सांगत होते तेव्हा माझ्या मागं कंडक्टर नायगाव, देगलूर म्हणून ओरडत होता. तुम्हाला ते ऐकू गेलं असणार. तुम्ही फक्त जेवलीस का विचारलंत, आणि मी हो म्हणाले. जेवले नव्हते.