डाव्या सीटचा पायगुण

शिवाजी पेठ, कोल्हापूर
७ नोव्हेंबर २००६

प्रिय स्नेहल,

आधी घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

१. परवा रविवारी कागलचे सयाजीराव आपली गाडी बघायला आले. सोबत त्यांची बायको, बयाबाई.
२. चालवायला सयाजीराव बसले. बयाबाई डाव्या सीटवर. मी मागे.
३. हायवेला लागताना समोर ट्रक आला आणि गाडी बंद पडली. वेगाच्या काट्याशेजारी किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकू लागला. तोच दिवा.
४. बयाबाईंनी घाबरून पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. सयाजीरावांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.
५. कागलपर्यंत जाऊन परत आलो. बयाबाईंनी मांडी मोडली नाही. गाडी एकदाही बंद पडली नाही.

'आपली गाडी' असं लिहून गेले. खोडत नाही. कागदोपत्री ती माझीच होती आणि आहे, पण तीन वर्षं शिवाजी पेठ ते एमआयडीसी आणि परत असे आपण दोघी तिच्यातून गेलो. तू गेल्यावर डाव्या सीटवर मी डबा ठेवायला लागले. वळणावर तो घसरायचा, म्हणून त्याला पट्टा लावते. फाटकावरच्या वॉचमनने एकदा विचारलं, "म्याडम, डब्याला बी बेल्ट?" मी हो म्हटलं. आता कंपनीची बस पेठेच्या कोपऱ्यापर्यंत येते आणि एका माणसाला एवढी गाडी लागत नाही. विकण्याचं कारण तेवढंच आहे. कोणी विचारलं तर मी तेवढंच सांगते.

तू नाशिकला गेल्यापासून दीड वर्षात ती एकदाही बंद पडली नव्हती. हे मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुझंच म्हणणं खरं ठरलं असतं.

कृष्णात इलेक्ट्रिशियन आठवतो ना? स्कॅनर लावायचा, गाडीतल्या कॉम्प्युटरकडून कधी उत्तर यायचं, कधी यायचं नाही. बॅटरी बदलून झाली, रिले बदलून झाले, किल्लीसुद्धा नवी करून झाली. शेवटी हात पुसत तो म्हणाला, "म्याडम, गाडीत कायबी न्हाय. ह्या दुसऱ्या म्याडमचा पायगुण असंल बघा." तू मोठ्याने हसलीस. "मग मला डिकीत घालून न्या की," म्हणालीस. त्यालाही हसायला आलं. मात्र घरी येताना पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर सांगितलंस की तुझा जन्म झाला त्या वर्षी तुझ्या वडिलांची, जोतीरामकाकांची गिरणी बंद पडली, आणि तुझी आत्या, आक्का, अजून सणावाराला त्या शब्दाची आठवण काढते. मी तुला म्हटलं, पायगुण वगैरे काही नसतं. बरोबरच होतं ते. पण ज्या आवाजात मी कामावर मशीन ऑपरेटरला उत्तर देते त्याच आवाजात म्हटलं.

मग रत्नागिरीच्या इंटरव्ह्यूचा दिवस. इंजिनीयरिंग कॉलेजातली नोकरी, तुला हवी होती तशी. तू एसटीने जाते म्हणत होतीस. मीच म्हटलं, सोडते. मलकापूरच्या अलीकडे गाडी तीनदा बंद पडली. पहिल्या दोन वेळेला आपण नेहमीसारख्या दोघी उतरलो, बॉनेट उघडलं, बंद केलं, गाडी चालू झाली. बॉनेट उघडल्यावर ती सुधारते असं आपण कधीपासून धरून चाललो होतो. तिसऱ्यांदा तू उतरलीच नाहीस. फाईल मांडीवर धरून, पाय रोवून बसून राहिलीस. मी किल्ली फिरवत राहिले आणि दिवा लुकलुकत राहिला. तू समोर बघतच बोललीस, "एकटी असलीस की गुमान चालती. मी बसले की बंद. मी जाऊ नये असं वाटतंय तुला. व्हय की न्हाय, एवढंच सांग." मी म्हटलं, बॅटरीचे टर्मिनल बघते.

टर्मिनल घट्ट होते. मी बॉनेट खाली टाकेपर्यंत तू रस्त्यावर उभी राहून एसटीला हात केला होतास. तू चढलीस, मी आत बसून किल्ली फिरवली आणि पहिल्या फटक्यात गाडी सुरू झाली. एसटीच्या मागच्या काचेतून तू ते पाहिलंस. तुझा चेहरा मला दिसला. मागोमाग जावं की नाही हे ठरेपर्यंत एसटी वळणापलीकडे गेली होती. तू पोहोचलीस तेव्हा मुलाखती संपल्या होत्या, हे मला तुझ्या आईकडून, धोंडुकाकूंकडून कळलं. तुझ्याकडून काहीच कळलं नाही.

रविवारी संध्याकाळी सयाजीराव गेल्यावर मी गाडीत जाऊन डाव्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथून रस्ता फार वेगळा दिसतो. समोरचं सगळं अंगावर येतं आणि हातात धरायला काही नसतं. खाली पाहिलं तर पायांपुढच्या चढावर कार्पेट दोन ठिकाणी घासून गुळगुळीत झालं होतं. समोरून ट्रक आला की तू ब्रेक दाबायचीस, त्या बाजूला नसलेला. मी त्यावरून तुला चिडवायचे. इंजिन चालू ठेवून मी माझे पाय बरोबर त्या दोन जागी ठेवले आणि दाबले. इंजिन बंद झालं. दिवा लुकलुकू लागला. पाय काढले, हात लांबवून किल्ली फिरवली, गाडी सुरू. पुन्हा दाबले, पुन्हा बंद. नंतर किती वेळा केलं ते मोजलं नाही.

मग कार्पेट उचलून पाहिलं. त्याखालून वायरींचा जुडगा इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जातो. त्यातली एक अर्थिंगची वायर पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. तिचं टोक गंजून आतून तुटलंय, तारा नुसत्या एकमेकींना टेकून आहेत. वरून दाब आला की त्या सुटतात, कॉम्प्युटरचं अर्थिंग जातं, इंजिन बंद पडतं. किल्ली ओळखणारा भाग त्याला हाक मारत राहतो आणि उत्तर येत नाही. तो लाल दिवा म्हणजे तेवढंच. दाब गेला की तारा पुन्हा टेकतात. बॉनेटचा काही संबंध नव्हता. बॉनेट उघडायला तू उतरायचीस, म्हणून गाडी सुरू व्हायची.

हे मला तीन वर्षं का सापडलं नाही, त्याचं उत्तर सोपं आहे. त्या बाजूला मीटर लावायचा तर मला दारात गुडघ्यांवर बसावं लागायचं, आणि त्यासाठी मी आधी तुला खाली उतरवायचे. मग सगळी मापं बरोबर यायची. कारखान्यात नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवते की दोष येतो त्याच अवस्थेत मोजायचं. ही अवस्था तू होतीस.

तेव्हा कृष्णात शब्दशः बरोबर होता. तो पायगुणच होता. फक्त असा, की नवं टोक लावून बोल्ट आवळला की अर्ध्या तासात जातो. आक्कांना हे पटेल असं नाही. तुला पटावं.

काल पत्ता घ्यायला तुझ्या घरी गेले होते. धोंडुकाकूंनी दारातच धरलं. "तिच्यासंगं भांडलीस म्हंजे माझ्यासंगं बी भांडलीस व्हय गं? चा घेतल्याबिगर जायचं न्हाय." मग दोनदा चहा झाला. तालमीसमोर पोरं फुटबॉल खेळत होती आणि काकू तुझ्याबद्दल सांगत होत्या: मेसचं जेवण तुला मानवत नाही, ऑफिसात सगळे चांगले आहेत, पण संध्याकाळी बोलायला कोणी नाही. मी ऐकून घेतलं. माझंही तसंच आहे, हे तिथे म्हटलं नाही. फोन नंबरही त्यांनी दिलाय. फोनवर मी फक्त माहिती देते असं तूच म्हणायचीस, म्हणून पत्र.

आता मलकापूरच्या रस्त्यावरच्या तुझ्या प्रश्नाचं. गाडी मी बंद पाडली नव्हती. आणि व्हय, तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि एक सिद्ध करता येत नाही तोवर दुसरं बोलायचं कसं हे मला कळलं नाही. पहिल्या गोष्टीचा पुरावा आज गाडीत आहे. ती वायर मी अजून दुरुस्त केलेली नाही. कार्पेट पुन्हा जसं होतं तसं ठेवलंय. सयाजीराव २६ तारखेला गाडी न्यायला येतील, त्याआधी मला ती नीट करून द्यावी लागेल. तोपर्यंत एखाद्या रविवारी कोल्हापूरला ये. मी चालवेन, तू डावीकडे बस आणि नेहमीसारखे पाय रोव. गाडी बंद पडेल. मग पाय उचल. नंतर वायरीचं नवं टोक तू लाव, बोल्ट मी आवळते. येणार की नाही ते मला शनिवार, १८ नोव्हेंबरपर्यंत कळव. नाही असेल तरी कळव.

तुझीच, उजव्या सीटवरची,
अक्षता